ऑकलंड ते कुडपण, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

"महाडात विमानाचं तिकीट काढायला येतं तरी कोण?" पुण्याच्या पाहुण्या मला असं हसून विचारतात. मी म्हणते, या एकदा बाजाराच्या दिवशी आणि बसा माझ्या बाकावर. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून उतरलेली माणसं येतात. एका हातात पिशवी, पिशवीत नाचणी नाहीतर कोकमं, आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलच्या आत मस्कतचा, कतारचा, नाहीतर त्याच्याही पलीकडच्या कुठल्या देशाचा मुलगा. "काकी, ह्याच्याशी बोला, ह्याला गणपतीला यायचाय." की मी त्या मुलाशी बोलायला लागते. माझं निम्मं आयुष्य असं दुसऱ्यांच्या मुलांशी बोलण्यात गेलं.

आमच्याकडे प्रत्येक घरातला एकतरी माणूस मुंबईला असायचाच. मग मुंबईच्या हॉटेलातला आचारी दुबईच्या हॉटेलात गेला, दुबईतला आणखी पुढे गेला. माणसं जितकी लांब गेली तितकं माझं दुकान चाललं. ह्यात मिरवण्यासारखं काही नाही, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

दुकान म्हणजे एक गाळा, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. यजमानांनी मुंबईच्या खासगी बसचं बुकिंग करायला घेतलेला. ते गेल्यावर मी बसायला लागले. शिक्षण माझं सातवी. इंग्रजी मी विमानतळांच्या खुणांवरून शिकले. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांची खूण असते, त्यामुळे मला अजून तीन अक्षरांपुढचं इंग्रजी येत नाही, असं माझा जावई चिडवतो. कॉम्प्युटर आहे, पण तो टेबलावर नाही, भिंतीत उंच ठोकलेल्या फळीवर. कारण आमच्या बाजारात नदी येते. दर पावसाळ्यात नाही, पण येते, आणि येताना विचारून येत नाही. म्हणून मी तिकिटं उभ्याने काढते. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला वाटतं, बाई भाषण करायला उभ्या राहिल्यात.

तर ह्या धंद्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. "किती तास?"

त्याची उत्तरं दोन. पहिलं विमानाचं. मुंबईपासून न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरापर्यंत हवेतून सरळ रेघ मारली तर ती बारा हजार किलोमीटरच्या वर भरते. मी काढायची त्या तिकिटांत मधे सिंगापूरला उतरून दुसऱ्या विमानात बसावं लागायचं. दोन्ही विमानांचे मिळून सोळा-सतरा तास. एवढं आता कुणालाही मोबाइलवर दिसतं, त्यासाठी माझ्याकडे यायला नको.

दुसरं उत्तर मी देते. त्याला मी उंबऱ्याचे तास म्हणते. तिथल्या खोलीचं दार ओढून घेतलं तिथपासून इथल्या घराच्या उंबऱ्यात पाय पडेपर्यंत. त्यात विमानतळावर आधी जाऊन बसणं आलं, मधल्या मुक्कामात काचेबाहेर बघत काढलेला वेळ आला, मुंबईला बॅगेची वाट बघणं आलं. आणि मुंबईपासून महाडपर्यंतचा आपला हायवे आला, ज्याचं काम माझ्या नातवंडांच्या बारशापासून चालू आहे. महाड ते पोलादपूर आलं, पोलादपूरहून वर घाट आला. पहिल्या उत्तरावर भरवसा ठेवून लोकांनी साखरपुडे ठरवले आणि नवरा मुलगा माणगावात खड्ड्यात अडकलेला, असं मी पाहिलेलं आहे. म्हणून माझ्याकडे उंबऱ्याचेच तास मिळायचे.

आणखी एक भानगड घड्याळाची. तिकिटावर सुटायची वेळ असते ती तिथल्या घड्याळाची आणि पोचायची वेळ असते ती इथल्या. न्यूझीलंडात सूर्य आपल्या आधी उगवतो. त्यामुळे तिकडून येताना नुसती वजाबाकी केली तर प्रवास छोटा दिसतो आणि तिकडे जाताना लांबलचक. हे समजावता समजावता माझा घसा बसायचा. हिरकणीवाडीची एक बाई, रायगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीचं दुकान चालवायची, ती लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला निघाली होती. सगळं ऐकून घेऊन मला म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे काकी. मधे घाट किती लागतात ते सांगा."

"विमान वरून जातं गो, घाट नाही लागत."

"रोपवेसारखा?"

"रोपवेसारखंच समज."

"मग ठीक हाय. रोपवेत मी डोळे मिटून घेते." आणि ती खरंच कॅनडापर्यंत डोळे मिटून गेली असं लेकीने फोनवर सांगितलं. जेवण आलं तेव्हासुद्धा एकच डोळा उघडला म्हणे.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांना तेच हवे होते. पण मला जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही. ते कुडपणच्या किसनदादांचं आहे. नावं मी बदलली आहेत. ज्याला ओळख पटायला हवी त्याला ती पटेलच.

किसनदादा वर कुडपणच्या एका वाडीत राहायचे. थोडी भातशेती, थोडी नाचणी, दोन म्हशी. एकुलता एक मुलगा संतोष. तो आधी मुंबईत हॉटेलात होता, तिथून ऑकलंडला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेला. त्याचं पहिलं तिकीट मीच काढलेलं. तेव्हापासून किसनदादा बाजाराला आले की माझ्या बाकावर येऊन बसायचे. तिकीट काढायचं नसायचं. पाणी प्यायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "बाय, संतोषचा गाव किती लांब हाय म्हनालीस?"

मी सांगायचे. बारा हजार किलोमीटर. ते मान हलवायचे. आमच्याकडे अंतर विचारलं तर माणसं चढ सांगतात, किलोमीटर कुणाला कळतात? मग मी तास सांगायचे. एकदा मी त्यांना संतोषच्या येण्याच्या तिकिटावर बोट ठेवून दाखवलं, हे तिथून सुटायचं, हे इथे उतरायचं. त्यांनी हळूहळू वजाबाकी केली आणि चेहरा उजळला.

"म्हंजे जाताना जास्त लागतो आणि येताना कमी."

"अहो दादा, तसं नाही, घड्याळं वेगळी..."

"तसाच हाय बाय. घराकडे येताना वाट कमीच लागते. म्हशीला विचार."



मग एका उन्हाळ्यात त्यांनी खरा प्रश्न विचारला. छातीचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरकडूनच आले होते. म्हणाले, "मी गेलो तर पोरगा पोचंल काय?"

मी म्हटलं, "असलं काय बोलता?"

"बोलायला नको तर काय, ठरवायला नको? पोराच्या हातनं अग्नी मिळायचा असंल तर वाडीला सांगून ठेवायला हवा किती थांबायचा ते. नायतर आमचा भाऊबंद गणपत घाई करतो, त्याचा स्वभाव तुला म्हाईत नाय."

मग मी त्यांना उंबऱ्याचे तास मोजून दिले. म्हटलं, लगेच विमान मिळालं आणि रस्ता मोकळा असला तर दीड दिवस. पावसाळ्यात मात्र पोलादपूरच्या पुढचं मी काहीच सांगू शकत नाही, ते डोंगर सांगतील. दोन्ही वाक्यं मी सारख्याच आवाजात सांगितली होती. पण त्यांनी वर नेलं पहिलंच. वाडीत जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "महाडच्या काकीनं सांगितलाय, पोरगा दीड दिवसात पोचतो. माझ्यासाठी दीड दिवस थांबा." एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं. पावसाळ्याचं वाक्य माझ्या बाकावरच राहिलं.

आणि ते गेले भर आषाढात.

सकाळी दुकानाचं शटर वर करत होते तोच गणपतदादांचा फोन आला. गणपतदादा म्हणजे किसनदादांचे चुलतभाऊ, वाडीचा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. म्हणाले, "काकी, किसन पहाटे गेला. संतोषला कळवलाय. किसननं सांगून ठेवलाय, दीड दिवस. तुम्ही एकदा नक्की सांगा, मग आमी थांबतो."

आता त्या वाडीत थांबणं म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यांच्याकडे मयत झालं की अग्नी देऊन माणसं परत येईपर्यंत वाडीतल्या एकाही घरात चूल पेटत नाही. नुसत्या मयताच्या घरात नव्हे, कुणाच्याच घरात नाही. पेज नाही, भाकरी नाही, तान्ह्यांना गरम पाणी नाही. आता गॅस आलाय, पण त्या दिवशी गॅसलाही हात लावत नाहीत. लहानांना बिस्किटं देतात, म्हाताऱ्यांना दूध. एरवी हे अर्ध्या दिवसाचं असतं. शिवाय दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. म्हणजे दीड दिवस थांबायचं तर सगळी वाडी थंड चुलीशी बसणार, तेही त्या पावसात, जेव्हा अंथरूणसुद्धा ओलं लागतं.

मी गणपतदादांना थांबायला सांगून संतोषला फोन लावला. तिकडे दुपार कलली होती. तो स्वयंपाकघरातच होता, मागे भांड्यांचा आवाज.

"काकी, काढा. कुठलापन काढा."

"काढते. पण ऐक, इथे चार दिवस पाऊस धरून आहे."

"बाबांना तुम्ही दीड दिवस म्हनालेला ना? मग मी पोचतो. मला त्यांचा तोंड बघायचाय काकी, बाकी काय नको."

काढलं. त्या दिवशीचं सिंगापूरपर्यंतचं विमान, मधे थोडा वेळ, मग मुंबई. मुंबईला माझा नेहमीचा ड्रायव्हर. सगळे तास परत मोजले आणि गणपतदादांना सांगितलं, "उद्या दिवस मावळायच्या बऱ्याच आधी तो पोलादपूरला असेल. पोलादपूरच्या पुढचं मी सांगू शकत नाही, दादा. पाऊस तुम्ही बघताय."

ते म्हणाले, "पुढचा रस्ता आमचा हाय. पुढचा आमी बघतो."

मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या घेतल्या, लाकडाच्या भुशात गुंडाळून जीपने वर पाठवल्या. आमच्या गल्लीतल्या मासेवाल्याने विचारलं, "काकी, आज पार्टी काय?" मी सांगितलं कशासाठी ते. त्याने आणखी एक लादी जीपमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी मी फळीसमोर उभी. विमान कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, नकाशावर एवढंसं. मुंबईला वेळेवर उतरलं. हायवेने त्या दिवशी कधी नव्हे ती कृपा केली. गाडी माझ्या दुकानासमोर आली तेव्हा अजून चांगला उजेड होता. संतोष खाली उतरला नाही. दाढी वाढलेली, अंगात हॉटेलचाच पातळ काळा कोट. मी खिडकीतून चहाचा थर्मास दिला.

"वेळेत हाय ना काकी?"

"वेळेत आहेस बाबा."

आणि तो होताच. बारा हजार किलोमीटर, दोन विमानं, तो खड्ड्यांचा रस्ता, सगळं वेळेत झालं होतं. इतक्या वर्षांत माझे उंबऱ्याचे तास इतके तंतोतंत कधी जुळले नव्हते.

पोलादपूर सोडून गाडी वर चढली, आणि वाडी समोरच्या डोंगरावर दिसायला लागते त्या वळणाच्या पुढे रस्ताच नव्हता. दरड आली होती. मोठी म्हणावी अशी नाही, पण लाल चिखल अजून वाहत होता. पुढचं मला ड्रायव्हरने सांगितलं. संतोषने गाडीतून उतरून फोन लावला. वाडीत रेंज एकाच जागी येते, देवळाच्या पुढच्या कट्ट्यावर, तिथे गणपतदादांचा मुलगा सकाळपासून फोन धरून बसला होता. संतोष त्याला म्हणाला, "दरड हाय. गाडी येत नाय. मी वरच्या जुन्या वाटेनं जंगलातनं येतो. अंधार पडायच्या आत पोचतो. थांबा." एवढं झालं आणि फोन तुटला. परत लागलाच नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "काकी, मी त्याला सांगत होतो, आधी चिखल थांबू दे, बघू. अर्धा तास तरी धरून ठेवला, मग ऐकेना. बॅग गाडीत ठेवली, बूट काढले, पँट दुमडली. आणि एकदम समोर बघत उभा राह्यला. मी म्हटलं काय झालं? तर रस्त्यावर खाली बसला."

समोर वाडीवर धूर दिसत होता. एका घरातून नाही, सगळ्या घरांमधून. पावसातसुद्धा कौलांवर दाटून आलेला. त्या वाडीत जन्मलेल्या माणसाला ह्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. चुली पेटल्या म्हणजे अग्नी दिला गेला. वडील गेले, आता घाई कशाची?

तो त्या रात्री गाडीतच झोपला. दुसऱ्या दिवशी चिखल थांबल्यावर माणसं पलीकडून दोर घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली.

वाडीत गेल्यावर त्याला जे कळलं ते असं. फोन आल्यावर गणपतदादांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "पोरगा येतोय, थांबा." माणसं थांबायला तयार होती. बर्फ संपत आला होता तरी तयार होती. आणि भागीरथीवहिनी, संतोषची आई, उठून म्हणाली, "थांबायचा नाय. आत्ता उचला." गणपतदादा तिच्यावर ओरडले. ती हलली नाही. शेवटी पुतण्याच्या हातून अग्नी द्यायचं ठरलं. आणि माणसं ओढ्याच्या कडेच्या स्मशानाच्या शेडकडे निघाली न निघाली तोच वहिनी घराघरात शिरून बायकांना म्हणाली, "चुली पेटवा. गॅस नको, चुली. ओली लाकडं घाला. पेटवा आधी." माणसं परत यायच्या आत! त्या वाडीत असं कुणी कधी केलं नव्हतं. नवरा अजून जळला नाही तोवर हिला जेवणाची घाई, असं बायकाच बोलल्या. आणि जे बायका बोलल्या ते तेराव्यापर्यंत संतोषच्या कानावर रोज कुणी ना कुणी घातलं.

तेरावं झालं आणि तो माझ्याकडे आला. परतीची तारीख अलीकडे आणायची होती.

"अजून आठवडा आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं. "आईजवळ राहा की."

"काय करू राहून? ती माझ्याकडे बघतपन नाय. मी विचारला, आई, जरा थांबलीस का नाय? म्हनते, भूक लागली होती माणसांना. भूक! काकी, मी तिकडनं निघाल्यापासून पानी पिऊन आलो. जरासा तर राह्यला होता. मी आलोच असतो."

"ती जुनी वाट डोळ्यांनी पाहिलीस ना तू? ओढा केवढा आला होता?"

"मी त्या वाटेनं शाळेत गेलोय."

मला तेव्हा एवढंच माहीत होतं जेवढं त्याला होतं. तारीख बदलून दिली. जाताना तो नमस्काराला वाकला, आणि आईला न वाकता आलाय हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यानंतर तो आला नाही. पैसे पाठवायचा, सणाला फोन करायचा, दोन वाक्यं बोलायचा. वहिनी ह्या उन्हाळ्यात गेली. तिने वाडीला आधीच बजावून ठेवलं होतं, माझ्या वेळेला कुणासाठी थांबायचं नाही आणि पोराला नंतर कळवायचं. गणपतदादांनी तसंच केलं. संतोषचा मला फोन आला. तिकिटासाठी नव्हता. म्हणाला, "बाबांच्या वेळी नाय थांबली, सोताच्या वेळीपन नाय थांबली."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. त्याने फोन ठेवला. म्हणून हे लिहिते आहे. वहिनीने मला सांगितलं होतं, मी हाय तोवर बोलू नको. आता ती नाही. दुकानही मी दिवाळीनंतर बंद करते आहे, गुडघे उभं राहू देत नाहीत. हा अंक टपालाने ऑकलंडला जाईल. किती दिवसांत पोचेल ते मात्र मला सांगता येणार नाही, तो धंदा माझा नाही.

तर संतोष, ऐक.

तू परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तुझी आई महाडला आली. बाजाराचा दिवस नव्हता. माझ्या दुकानात ती त्याआधी कधी आली नव्हती, दारातच उभी राहिली, पदराने डोकं पुसत. म्हणाली, "ताई, पोराचा विमान कुठे हाय ते तुझ्याकडे दिसतो म्हने."

मी स्टूल सरकवलं आणि फळीवरचा पडदा तिच्याकडे वळवला. सिंगापूरहून तुझं दुसरं विमान निघालेलं होतं. नकाशावर निळं पाणी आणि त्यावर ते एवढंसं.

"हा सगळा पानी?"

"समुद्र आहे वहिनी."

"आणि खाली रस्ता नाय?"

"नाही."

"मग दरडपन नाय," ती म्हणाली, आणि बसली.

जेवायला चल म्हटलं तर उठली नाही. मी गिऱ्हाईकं करत होते, ती बघत होती. बऱ्याच वेळाने आपणहून बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत.

"फोन आला तेव्हा मी कट्ट्याजवळच होते. म्हनाला, जुन्या वाटेनं येतो, थांबा. ताई, ती वाट सकाळीच गेली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली, ओढ्यानं अर्धा डोंगर खाल्लेला. गणपत म्हनतो, पोरगा हुशार हाय, येईल. अगो, हुशार काय करायचा? बाप पडलाय म्हटल्यावर तो बघून पाय टाकणार होता काय? परत फोन लावला, लागेना. लागला असता तरी त्यानं ऐकला नसता. आमी थांबलोय तोवर तो येत राहणार. मी म्हटला, थांबणाराच कुणी नको. दरडीकडनं आमची वाडी दिसते. चिता दिसत नाय, ती खाली ओढ्याकडे. पन कौलं दिसतात."

"म्हणून ओली लाकडं?"

"सुक्या लाकडाचा धूर पावसात दिसतो काय?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "वहिनी, हे त्याला सांगितलं का नाही?"

"सांगून? मग त्याला कळंल की त्याच्यापायी बापाला घाईनं नेला. ते घेऊन तो तिकडे एकटा कसा राहील? त्यापेक्षा माझ्यावर रागवू दे. राग बरा, राग घेऊन माणूस झोपतो तरी." मग म्हणाली, "ह्यांना मी सांगितला होता तेव्हाच. उचलायच्या आधी. कानात सांगितला. रागावले नसतील."

पडद्यावरचं विमान जमिनीच्या कडेला आलं होतं. तिने बोलणं थांबवलं आणि स्टूलवरून उठून फळीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, टाचा उंचावून, कारण ती बुटकी आणि फळी उंच. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. मग ते हलायचं थांबलं आणि खाली अक्षरं आली.

"काय झाला?" तिने माझा दंड घट्ट धरला.

"उतरलं. पोचला."

"नीट?"

"अगदी नीट."

तिने दंड सोडला. डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी उचलली. दारात जाऊन वळली.

"रागावलाय," ती म्हणाली. "पन हाय ना गो."